फांग अमाची एकच बुडी

एल्डर हॅचने परदेशात जाऊन पहिल्या आठवड्यात काय दिवे लावले, तर चार वेळा सायकल पंक्चर केली. याखेरीज सांगण्यासारखं काही नाही. अमेरिकेतल्या आयडाहोच्या बटाट्याच्या शेतांतून उठून, देवाचा संदेश घेऊन तैवानच्या दक्षिणेला चाओचौ गावात आलेला हा मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचा एकोणीस वर्षांचा पोरगा. अंगात पांढरा शर्ट, गळ्यात टाय, खिशावर काळी पाटी आणि पाटीवर नावाच्या आधी ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा. कसला वडीलधारा, आठवड्यातून एकदा दाढी केली तरी पुरायची.

नऊ आठवडे प्रशिक्षण केंद्रात त्याने चिनी घोकली होती. तिथली शिक्षिका म्हणायची, तुझे उच्चार फार छान. त्या बाईला एकदा चाओचौच्या भाजीबाजारात आणून उभं करायला हवं होतं. हॅचने तोंड उघडलं की माणसं आधी दचकायची, मग हसायची, मग म्हणायची, ‘वा, किती छान चिनी बोलतोस,’ आणि मान वळवून त्याच्या जोडीदाराशी बोलायला लागायची. निम्मे म्हातारे तर चिनी बोलतच नव्हते, तैवानी बोलत होते, आणि तैवानी त्याला कोणी शिकवलीच नव्हती. आठ दिवस तो नुसता हसत उभा होता. संध्याकाळी जबडा दुखायचा.

जोडीदार म्हणजे एल्डर टाऊफा. अमेरिकेत सॉल्ट लेक शहराच्या पश्चिम भागात वाढलेला, मूळचा टोंगा बेटांकडचा गडी, दारात उभा राहिला की दार भरायचं. सुपारीच्या टपरीवरच्या बायका त्याला लांबून हाका मारायच्या, देवळापुढचे म्हातारे त्याला पटावर खेळायला बसवायचे. खरं तर हॅचला शिकवायला दुसराच कोणी नेमला होता, पण ऐन वेळी त्याचं अपेंडिक्स कापावं लागलं आणि मिशनच्या अध्यक्षांनी हॅचला बारा दिवसांसाठी टाऊफाच्या गळ्यात बांधलं. बाराच दिवस, कारण टाऊफाची प्रचाराची दोन वर्षं भरली होती आणि मंगळवारी त्याचं परतीचं विमान होतं. एकाचं मन घरी पोचलेलं, दुसऱ्याचं अजून घरून निघालेलंच नाही, अशी ही जोडी.

त्यात जोडीचा नियम असा की एकाने दुसऱ्याच्या नजरेबाहेर जायचं नाही, हाकेबाहेर जायचं नाही. एक संडासात असला तर दुसरा दाराबाहेर. म्हणजे चिडायचं म्हटलं तरी एकट्याने चिडायची सोय नाही. घरी फोन वर्षातून दोनदा, नाताळात आणि मातृदिनाला. बाकी सोमवारी एक ई-मेल. पहिल्या सोमवारी हॅचने लिहिलं, ‘सगळं अप्रतिम आहे, लोक फार प्रेमळ आहेत, काम मनापासून आवडतंय.’ त्याआधी तासभर तो पोट धरून बसला होता. आई हे पत्र रविवारी चर्चमधल्या सगळ्या मंडळींना वाचून दाखवणार, हे त्याला ठाऊक होतं, आणि म्हणून तर तसं लिहिलं होतं.

टाऊफाला याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच विषय, फांग अमा.

अमा म्हणजे तिकडची आजी. फांग अमा सत्तरीला आलेली, गावातली सायकल दुरुस्तीवाली. नवरा गेल्यापासून दुकान तीच चालवत होती. तीस वर्षांत प्रचारकांच्या जेवढ्या जोड्या गावात आल्या, तेवढ्यांची पंक्चरं तिने काढली होती, आणि कोणी देवाची गोष्ट काढली की ती त्याच्या हातात पंप द्यायची. टाऊफाने मात्र तो पंप मुकाट्याने मारला. सात महिने तो तिच्या दुकानात बसून ट्यूबा घासत राहिला. हळूहळू अमा प्रश्न विचारू लागली, मग उत्तरांवर भांडू लागली, मग दर रविवारी पहिल्या रांगेत येऊन बसू लागली. चहा मॉर्मनांना चालत नाही म्हणून तिने जन्मभराचा चहासुद्धा सोडला. राहिला होता फक्त बाप्तिस्मा.

आणि तिथेच घोडं अडलं होतं. मॉर्मनांचा बाप्तिस्मा म्हणजे डोक्यावर चार थेंब शिंपडले आणि झालं, असा नसतो. पूर्ण बुडी. अमाचा धाकटा भाऊ लहानपणी माशांच्या तळ्यात बुडून गेला होता. बुडालेला जीव आपल्या जागी दुसऱ्याला ओढल्याशिवाय सुटत नाही, हे आईने तिला तेव्हाच बजावलं होतं, आणि तेव्हापासून तिने डोकं पाण्याखाली घातलं नव्हतं. केससुद्धा मगाने धुवायची. दोनदा तारीख ठरली, दोनदा तिने मोडली. आता ठरला होता शनिवार. रविवारपासून चिनी पंचांगातला भुतांचा सातवा महिना लागत होता, आणि त्या महिन्यात चाओचौतलं कुठलंच शहाणं माणूस पाण्याच्या वाटेला जात नाही. महिना संपायच्या आत टाऊफा घरी गेलेला असणार. म्हणजे हा शनिवार गेला की गेलाच.

गुरुवारी हॅचचं चौथं पंक्चर घेऊन दोघं दुकानात गेले.

‘पुन्हा हाच?’ फांग अमाने चाक सोडवत विचारलं. ‘ह्याला सांग, रस्त्यावरून चालव म्हणावं. खिळे शोधत फिरू नको.’

टाऊफाने हसत हसत ते इंग्रजीत सांगितलं. हॅच हसला.

‘लांबडा आहे नुसता,’ अमा म्हणाली. ‘बोलत का नाही? मुका आहे का?’

‘नवीन आहे, अमा. बोलेल हळूहळू,’ टाऊफा हसत म्हणाला.

‘तूही नवीन होतास. पहिल्याच दिवशी माझा पंप मोडलास आणि तासभर माफी मागत माझं डोकं खाल्लंस.’ मग ठिगळ लावता लावता, मान वर न करता तिने विचारलं, ‘पाणी कुठवर असतं?’

‘कमरेपर्यंत.’

‘तुझ्या का माझ्या?’

‘तुझ्या, अमा. मी पाठीला हात लावून धरणार. तू फक्त नाक दाबायचं.’

‘एकदाच हं, टाऊफा. खाली, वर, झालं. परत करा असं कोणी म्हणालं तर मी तशीच ओली घरी जाईन.’

‘एकदाच. मी आहे ना.’

हॅचला या सगळ्यातलं ‘पाणी’ आणि ‘एकदा’ एवढंच कळलं. वाटेत त्याने विचारलं तेव्हा टाऊफाने बाकीचं सांगितलं, तेही सायकल न थांबवता, खांद्यावरून मागे ओरडत.

शुक्रवारी दोघांनी प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीतलं कुंड घासायला घेतलं. कुंड कसलं, फरशीचा हौदच. एका बाजूने पायऱ्या, पायऱ्यांना लागून स्टीलचा कठडा. महिनोन्‌महिने वापरलेलं नव्हतं, तळाला पालीची अंडी आणि कोपऱ्यात शेवाळ. वर ऑगस्टचा उकाडा. दोघंही घामाने निथळत होते.

‘उद्या तू साक्षीदार,’ टाऊफा ब्रश मारता मारता म्हणाला. ‘गावातल्या आपल्या शाखेत पुरुष आहेत मोजून चार. एका बाजूला जिआंगभाऊ उभे राहणार, एका बाजूला तू. प्रार्थनेचा शब्द न शब्द बरोबर पाहिजे, ते मी बघतो. तू अंग बघायचं. केस, अंगठा, झग्याचं टोक, काहीही वर राहिलं तर परत करावं लागतं. सगळं ठीक असलं की मान हलवायची.’

‘मान हलवायची,’ हॅच म्हणाला. ‘ते मला छान जमतं. आठ दिवस दुसरं काय करतोय?’

‘काय झालं आता?’

‘काही नाही.’

‘मग तोंड का असं?’

हॅचने ब्रश खाली टाकला. ‘मी इथे तुझी पिशवी सांभाळायला आलोय का? एका माणसाशी मला बोलू दिलं नाहीस. एक दार मी वाजवलं, तर मागून तू बोलायला लागलास. काल त्या म्हातारीने मला मुका म्हटलं आणि तू हसलास. तासन्‌तास तुम्ही दोघं ट्यूबा घासत बसता आणि मी स्टुलावर. मी दोन वर्षं द्यायला आलोय, टाऊफा. स्टुलावर बसायला नाही.’

 टाऊफाही ब्रश ठेवून पायरीवर बसला.

‘तुझ्या बापाने ब्राझीलमध्ये किती बाप्तिस्मे दिले म्हणालास?’

‘सदतीस.’

‘मी इथे दोन वर्षांत शून्य दिले. शून्य. मंगळवारी विमानतळावर आमचे साठ लोक येणार आहेत, हार घेऊन, गाणी म्हणत. घरी अख्खं डुक्कर भाजायला घातलेलं असणार. आणि माझे सातही काका मला मिठी मारून एकच विचारणार, किती? निदान एक म्हणू दे मला. तुझं पोट, तुझा जबडा, तुझं स्टूल, हे सगळं मंगळवारनंतर काढ. चार दिवस कळ काढ.’

म्हणजे मी मंगळवारनंतर, असं हॅचच्या मनात आलं. त्याने ब्रश उचलला आणि एकच फरशी इतका वेळ घासत राहिला की टाऊफाने येऊन त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला.

शनिवारी दुपारी तीन वाजता पंचवीसेक माणसं खोलीत दाटीवाटीने बसली. पाणी तापवायचं यंत्र बिघडलं होतं, पण त्या उकाड्यात त्याचं कोणाला दुःख नव्हतं. शाखाध्यक्ष लू चार शब्द बोलले. टाऊफा पांढऱ्या कपड्यांत पाण्यात उतरला आणि पाणी हातभर वर चढलं. मग बाजूच्या दारातून फांग अमा आली. पांढरा झगा, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, आणि नखांत पन्नास वर्षांचं ग्रीस. ते काही साबणाने जात नव्हतं.

डाव्या हाताने कठडा धरून ती एकेक पायरी उतरली. ओठ पांढरे पडले होते. टाऊफा तैवानीत तिच्याशी हळू काहीतरी बोलत होता, घोड्याला शांत करावं तसं. हॅच कठड्याच्या बाजूला उभा होता, जिआंगभाऊ समोर. या आठ-दहा दिवसांत पहिल्यांदा आपल्याला काहीतरी काम आहे, म्हणून हॅच डोळ्यांत तेल घालून बघत होता.

टाऊफाने उजवा हात वर करून प्रार्थना म्हटली. शब्द न शब्द बरोबर. अमाने उजव्या हाताने नाक दाबलं. टाऊफाने तिच्या पाठीमागे हात घालून तिला मागे झुकवलं आणि ती पाण्याखाली गेली. केस गेले, गुडघे गेले, झगा गेला. कठड्यावरचा डावा हात मात्र गेला नाही. मनगटापासून पुढचा अख्खा पंजा पाण्याबाहेर होता, कठड्याला घट्ट आवळलेला, काळ्या नखांसकट. आणि लगेच ती वर आली, खोकत, नाकातोंडातलं पाणी उडवत, आणि हसू लागली. साठ वर्षांत पहिल्यांदा ती पाण्याखाली जाऊन परत आली होती. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. पियानोवरच्या बाईने गाणं सुरू केलं.

जिआंगभाऊंनी तत्काळ मान हलवली. टाऊफाने हॅचकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते हॅचला स्वच्छ कळलं. हलव, असं होतं.

‘हात,’ हॅच म्हणाला.

पियानो थांबला.

‘हात बाहेर. पाणी नाही.’

दहा दिवसांत पहिल्यांदा त्याची चिनी सगळ्यांना एका फटक्यात कळली. आणि खोटं कशाला बोला, त्या क्षणी त्याला बरं वाटलं. पुढच्याच क्षणी नाही वाटलं.

‘माझ्या बाजूने तर सगळं ठीक दिसलं,’ जिआंगभाऊ हळूच म्हणाले.

‘पाणी हललं असेल,’ शाखाध्यक्ष लू म्हणाले. ‘पाणी हललं की असा भास होतो.’

भली माणसं. ती हॅचला मागे यायला वाट करून देत होती. त्याने नुसतं ‘असेल’ म्हटलं असतं तरी गाणं पुन्हा सुरू झालं असतं आणि मंडळी खायला उठली असती. पण हॅचला अशी वाट दिसत नसे, त्याच्या गावात ती पद्धतच नव्हती. त्याने पुढे होऊन कठडा आपल्या हाताने धरून दाखवला. असा, इथे.

‘काय म्हणतोय तो लांबडा?’ कानातलं पाणी झटकत अमाने विचारलं. शाखाध्यक्ष लूंनी तिला सांगितलं. अमाने डावीकडे पाहिलं. तिचा हात अजून तिथेच होता. परका असावा तसा तिने तो थोडा वेळ न्याहाळला आणि एकेक बोट सोडवलं. मग ती टाऊफाकडे वळली.

‘तुला दिसला होता?’

‘अमा, मी प्रार्थना म्हणत होतो.’

‘प्रार्थना आधी संपली. मग मला खाली घातलंस. दिसला होता का?’

टाऊफा तिच्यापासून वीतभर अंतरावर उभा होता. त्याचा हात अजून तिच्या पाठीला होता.

‘दिसला,’ तो म्हणाला.

‘आणि गप्प बसणार होतास.’

‘तूच म्हणालीस ना, एकदाच. परत म्हटलं तर घरी जाईन म्हणालीस. मी काय करायला हवं होतं?’

‘मी घाबरले होते म्हणून म्हणाले. तू कशाला घाबरलास?’ तिचा आवाज चढला नव्हता, पण खोलीतलं कोणी हलत नव्हतं. ‘पन्नास वर्षं मी ट्यूब पाण्यात बुडवतेय. वीतभर बाहेर ठेवून गिऱ्हाइकाला सांगितलं, झालं काम, जा, तर चालेल का? तो वाटेत पडेल. मला कळत नाही असं वाटलं तुला?’

‘परत करू. आत्ता लगेच. तुझा हात मी धरतो.’

‘नाही.’

‘अमा, उद्यापासून सातवा महिना.’

‘महिना संपेल. मी इथेच आहे, दुकान इथेच आहे. मला घाई नव्हती, टाऊफा. घाई तुला होती.’ मग तिने पाण्यातूनच हॅचकडे बोट केलं. ‘महिन्यानंतर हा करेल. तोवर ते शब्द पाठ कर म्हणावं. माणसासारखे बोलता आले पाहिजेत.’

शाखाध्यक्ष लूंनी ते हॅचला सावकाश चिनीत दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कुठे त्याला कळलं. अमा कठडा धरून वर आली, पंचा घेतला आणि दाराआड गेली. टाऊफा पाण्यातच उभा राहिला, कोणीतरी ‘बाहेर ये’ म्हणेपर्यंत.

बाहेरच्या टेबलावर पेरू, तळलेली रताळी आणि लाल बीनचे केक मांडलेले होते. आधी कोणी हात लावेना. मग एकाने घेतलं आणि सगळ्यांनीच घेतलं. जिआंगभाऊंनी एक बशी भरून हॅचच्या हातात आणून दिली आणि निघून गेले. ही माया होती की बोलणी, ते हॅचला कळेना. तो उभ्या उभ्या ते सगळं खाऊन गेला.

 घरी खोलीत आल्यावर ओले कपडे पिळता पिळता टाऊफाने विचारलं, ‘आवडलं का तुला?’

‘काय?’

‘हात बाहेर, म्हणताना. तुझं तोंड मी खालून बघत होतो.’

हॅचला ‘नाही’ म्हणायचं होतं. ‘थोडं आवडलं,’ तो म्हणाला. ‘मग नाही आवडलं.’

‘हं,’ टाऊफा म्हणाला. ‘कालच्या रागाने बोललास की खरं म्हणून बोललास?’

‘मला नाही माहीत. मी तेव्हापासून तेच बघतोय, आणि मला सांगता येत नाही.’

टाऊफाने पिळलेली पँट झटकली आणि दोरीवर टाकली. रागावून दोन शब्द बोलला असता तर बरं झालं असतं, असं हॅचला वाटलं. एका खोलीत, एका नियमाने बांधलेले दोघं, आणि रुसून जायला शेजारची खोलीसुद्धा नाही.

रविवारी अमा प्रार्थनेला आली, पहिल्या रांगेत बसली, आणि संपल्यावर टाऊफाच्या पुढून सरळ निघून गेली. दुपारी घरी आल्यावर टाऊफाने एक खुर्ची ओढली, कागदावर बाप्तिस्म्याची प्रार्थना मोठ्या अक्षरांत लिहिली आणि कागद हॅचपुढे आपटला.

‘म्हण.’

‘आत्ता?’

‘मग कधी? मंगळवारनंतर तुझ्या उच्चारांवर कोण हसणार? म्हण.’

हॅचने म्हटली. तिसऱ्या शब्दाला टाऊफाने थांबवलं. पुन्हा म्हटली, पाचव्या शब्दाला थांबवलं. प्रार्थना म्हणजे जेमतेम दोन वाक्यं, पण एक शब्द इकडचा तिकडे झाला तर ती लागू होत नाही. संध्याकाळपर्यंत हॅच चाळीस वेळा चुकला. टाऊफा शिकवण्यात दया दाखवत नव्हता. एकदा हॅचने कागद भिरकावला आणि ‘मरू दे’ म्हणाला. टाऊफाने कागद उचलून आणला, गुडघ्यावर सपाट केला आणि परत पुढे धरला.

‘तू का शिकवतोयस मला?’ हॅचने विचारलं. ‘तुझं तर मी वाटोळं केलं.’

‘केलंसच,’ टाऊफा म्हणाला. ‘पण ती काय म्हणाली ते तू ऐकलंस. म्हण.’

सोमवारी सामान बांधून झाल्यावर दोघं दुकानात गेले. अमा एका लहान सायकलची साखळी बसवत होती. तिने मान वर केली नाही, पण जा असंही म्हणाली नाही. टाऊफा तिच्यापुढे उकिडवा बसला आणि तैवानीत माफी मागू लागला. हॅचला शब्द कळत नव्हते आणि या वेळी कळायची गरजही नव्हती. एवढा आडदांड माणूस, आणि आवाज असा की ऐकवेना.

साखळी बसली. अमाने पायडल फिरवून बघितलं, हात फडक्याला पुसले आणि मग, हॅचला कळावं म्हणून की काय, चिनीत बोलली.

‘तुझ्यावर राग आहे, टाऊफा. माझा राग महिनाभर टिकतो, मग जातो. तेव्हा तू इथे नसशील, त्याला मी काय करू?’

‘पत्र पाठव, राग गेला की.’

‘मला लिहिता कुठे येतं?’ ती म्हणाली, आणि त्याच्या सायकलीची दोन्ही चाकं दाबून बघितली. मागच्यात हवा कमी होती. तिने पंप लावून भरली, आणि तो निघाला तेव्हा आत निघून गेली.

मंगळवारी सकाळी चाओचौ स्टेशनवर दोघं फलाटावर उभे होते. काओशुंग शहराकडून येणाऱ्या गाडीतून हॅचचा नवा जोडीदार उतरणार आणि तीच गाडी टाऊफाला घेऊन परत जाणार, अशी सोय होती. शाखाध्यक्ष लू येऊन पेरूंची पिशवी देऊन गेले. जिआंगभाऊ दुकान उघडायच्या आधी दोन मिनिटं येऊन गेले. टाऊफा दर अर्ध्या मिनिटाला जिन्याकडे बघत होता. जिन्यावरून शाळेची पोरं आली, एक भाजीवाली आली, पाठीला पिशव्या लावलेले दोन शिपाई आले. फांग अमा आली नाही.

‘ती येईल असं वाटलं होतं मला,’ टाऊफा म्हणाला.

 हॅचला सॉरी म्हणायचं होतं, पण तसं म्हटलं तर पुन्हा तीच वेळ आली की आपण मान हलवू, असा अर्थ झाला असता, आणि ते तर खरं नव्हतं. त्याला रडू येत होतं आणि त्याचाही त्याला राग येत होता.

‘काकांना काय सांगणार?’ त्याने शेवटी विचारलं.

‘शून्य सांगणार,’ टाऊफा म्हणाला. ‘दुसरं काय सांगू? एक म्हणालो तर तू असतोसच कुठेतरी उभा.’ तो किंचित हसला, चार दिवसांत पहिल्यांदा, आणि ते हसू फार टिकलं नाही. लांबून गाडी दिसली. ‘चल, म्हण. पहिल्यापासून.’

‘इथे? लोक बघतायत.’

‘तिथेही बघणार आहेत. म्हण.’

हॅचने उजवा हात वर केला. भाजीवाली बघत राहिली. त्याने फांग अमाचं पूर्ण नाव घेतलं आणि प्रार्थना म्हणू लागला, सावकाश, एकेका शब्दावर पाय टेकत. टाऊफा डोळे मिटून ऐकत होता, दोन्ही मुठी आवळून, चुकीची वाट बघत. गाडी फलाटाला लागली, दारं उघडली, माणसं त्यांना वळसा घालून उतरू लागली. हॅच थांबला नाही. शेवटच्या शब्दापर्यंत गेला आणि हात खाली घेतला.

टाऊफाने डोळे उघडले. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, आणि हॅचला वाटलं, कुठेतरी चुकलंच.

‘बरोबर आहे,’ टाऊफा म्हणाला, आणि बॅगा उचलून गाडीत चढला.